उभ्या गाडीचं तेल

कमळाकर घरतची गाडी तेल प्यायला लागली, तेव्हा ती गोष्ट त्याने कुणाला सांगितलीच नाही. सांगायची तरी कुणाला म्हणा. बायको भामा पौषात गेली. एकुलती एक मुलगी प्राची, ती नाशिकला. आणि रोडपालीच्या त्या बिल्डिंगमध्ये त्याच्याशी रोज बोलणारं माणूस म्हणजे गेटवरचा वॉचमन, आणि तोही एकच वाक्य बोलायचा.

"निघालात का काका?"

"निघालोच," कमळाकर गाडीच्या काचेआडून म्हणायचा.

आणि निघायचा मात्र नाही. संध्याकाळ झाली की त्याला वर फ्लॅटमध्ये बसवत नसे. टीव्ही कितीही मोठ्याने लावला तरी कान आपले स्वयंपाकघराकडे. मग तो खाली यायचा, पार्किंगमध्ये गाडीत बसायचा, किल्ली फिरवायचा आणि बसून राहायचा. ड्रायव्हरच्या सीटवर तो, शेजारी भामाची सीट, आणि तिच्यावर भामाने कमरेला टेकायला जुन्या लुगड्याची शिवलेली उशी. बोलायचं तर कोणी नव्हतं, पण बोलावंसं वाटलं तर तोंड कुठे करायचं ते तरी ठरलेलं होतं.

इंजिन चालू ठेवण्यामागे त्याचं शहाणपण होतं. बंद गाडीत म्हातारा एकटा बसलेला दिसला की लोक काचेवर टकटक करतात, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारतात, पोरीचा नंबर मागतात. इंजिन घुरघुरत असलं की माणूस कुठेतरी निघालेला दिसतो, नाहीतर नुकताच कुठूनतरी आलेला. त्याच्या वाटेला कोणी जात नाही.

आता कोणी म्हणेल, दारात गाडी आहे, हातपाय धड आहेत, तर जावं की चार लोकांत. पण कमळाकरच्या घराण्यात एक रीत होती. माणूस गेलं की मागे राहिलेल्याने आपण होऊन कुणाचा उंबरा चढायचा नाही. नातलग येतात, अंगावर नवे कपडे घालतात, आपल्या घरी नेऊन जेवू घालतात. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. पहिला मान बायकोच्या माहेरचा, मग बहिणीचा, मग बाकीच्यांचा. दुखवटा निघाला की माणूस पुन्हा माणसांत यायला मोकळा. आणि दुखवटा कधी मागून घ्यायचा नसतो.

भामाचं माहेर जासईचं. तिचा भाऊ दादू बाराव्याला सगळ्यांदेखत बोलला होता, "दाजी, मी येतो न्यायला." पण पुढच्याच महिन्यात दादूच्या मुलाचं लग्न ठरलं, आणि लगीनघरात दुखवट्याचा माणूस कसा आणायचा? लग्न झालं, पूजा झाली, शिमगा सरला, मिठागरांवर पाऊस पडून गेला, गणपती आले नि गेले. दादू काही आला नाही. मान सांगावा जना, अपमान सांगावा मना, म्हणून कमळाकरने ते कुणापाशी काढलं नाही. चिरनेरची थोरली बहीण सोनाबाई अधूनमधून फोन करायची, पण बोलणं सगळं तिच्या गुडघ्यांवर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी गत. न्यायला आले नाहीत ते नाहीत, मी कशाला तोंड उघडू?

असे महिने गेले, आणि एका संध्याकाळी उभ्या गाडीत डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकला.

गाडी जुनी. दोघांनी मिळून हौसेने घेतलेली सेकंड हँड. एजंट म्हणाला होता, डॉक्टरची गाडी आहे. पनवेलमध्ये विकायला आलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते, हे भामाने तिथल्या तिथे एजंटला ऐकवलं होतं आणि तरी तिलाच ती पसंत पडली होती. कमळाकरने बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात, वरची भरल्याची आणि खालची धोक्याची. तेल खालच्या खुणेच्याही खाली. त्याने डबा आणून ओतला. थोड्याच दिवसांत पुन्हा दिवा, पुन्हा डबा. त्यात गाडीची पंधरा वर्षं भरत आलेली. आरटीओत पुन्हा पासिंग करायचं म्हणजे आधी धुराची तपासणी, आणि धूर तर निळा येत होता.

प्राचीला फोनवर नुसतं तेल म्हटलं, तेवढ्यावर तिने निकाल लावला. "बाबा, देऊन टाका ती भंगारात. तुम्ही जाता तरी कुठे?"

त्याने फोन ठेवला. जातो कुठे नाही, बसतो, हे मुलीला कसं सांगायचं. गाडी गेली तर संध्याकाळी बसायचं कुठे, या एका विचाराने त्याला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो उरण नाक्याजवळच्या हितेशच्या गॅरेजमध्ये गेला. हितेश तिशीतला, बोलायला तिखट, पण गाडीला हात लावण्याआधी स्वतःचे हात पुसणारा. भामा त्याला घरचे पापड आणून द्यायची. कमळाकरने त्याला तेलाचं सांगितलं, प्राची गाडी भंगारात द्या म्हणते हेही सांगितलं.

"तेल एकतर जमिनीवर गळतं काका, नाहीतर आत जळतं," तो म्हणाला. "तिसरीकडे जायला त्याला पाय नाहीत."

त्याने गाडी ठेवून घेतली. खाली कोरा पुठ्ठा पसरला, सकाळी पाहिला, तर कोराच. म्हणजे गळत नव्हतं. मग प्लग काढले. ते काळे आणि तेलकट. प्लगच्या जागी मीटर लावून त्याने इंजिनातला दाब मोजला, आत थोडं तेल सोडून पुन्हा मोजला. काटा होता तिथेच.

"पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या ना, तर तेल टाकल्यावर काटा वर गेला असता. तसं काही दिसत नाही. आता हे बघा." त्याने इंजिन चालू करून नुसतं सोडून दिलं. दोघं चहा प्यायले. मग हितेशने आत हात घालून अ‍ॅक्सिलेटर दाबला, आणि मागून निळ्या धुराचा एक लोट निघाला. पुन्हा दाबला तर धूर स्वच्छ.

"वरच्या व्हॉल्व्हची सीलं कडक झाली असणार. रबराची असतात. गाडी उभी राहून चालली की तिथून तेल आत झिरपतं. पळताना त्रास नाही. ती सीलं इंजिन न उतरवता बदलता येतात."

कमळाकरला हायसं वाटलं. पण हितेश डोकं खाजवत डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या मीटरकडे बघत होता.

"पण काका, काहीतरी जुळत नाही. तुम्ही म्हणता भाजी आणायला, बँकेत, एवढीच फिरते गाडी. मीटर पण तेच सांगतोय. एवढ्याशा फिरण्यात सीलांतून इतकं तेल जात नाही. उभी करून चालू ठेवता का? बराच वेळ?"

प्रश्न सरळ होता. हो म्हटलं असतं तर काम तिथेच मिटलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, का?

"छे," कमळाकर म्हणाला. "कशाला उगाच पेट्रोल जाळू?"

हितेशचा चेहरा पडला. "मग माझंच चुकतंय. रिंगा असणार, नुसत्या दाबावर कळत नाहीत कधीकधी. रिंगांचं म्हणजे अख्खं इंजिन उतरवायचं. या वयाच्या गाडीला कोणी करत नाही ते. ताई भंगार म्हणते ते बरोबरच म्हणायचं."

 स्वतःच्याच तोंडाने कमळाकरने गाडीला फाशीवर चढवलं होतं, आणि आता शब्द मागे घ्यायलाही तोंड उरलं नव्हतं.

हितेशलाच त्याची दया आली असावी. "एक शेवटचं करू. मी तेल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरून देतो. तुम्ही लांब जाऊन या, महाडबिहाडपर्यंत. पण एक नियम. गाडी उभी करून चालू ठेवायची नाही. थांबलात की किल्ली बंद. इंजिन गार झालं की सपाट जागेवर पट्टी बघायची. तेल उतरलं तर रिंगा, मग विषय संपला. नाही उतरलं तर सीलं, आणि गाडी पास करून द्यायची जबाबदारी माझी."

"लांब म्हणजे कुठं जाऊ?"

"तुम्हाला काय कमी आहे काका? पाहुण्यांकडे जा."

सकाळी कमळाकर निघाला. वॉचमनने विचारलं, तो म्हणाला "निघालोच", आणि गाडी खरोखरच गेटबाहेर गेली, तेव्हा वॉचमन जरा चकित झालेला त्याला आरशात दिसला. पळस्पे मागे पडलं, कर्नाळ्याचा घाट उतरला, पेण गेलं. गाडी मजेत पळत होती. त्याचंच मन पळत नव्हतं. सिग्नल लागला की नियम मोडतोय की काय म्हणून तो किल्ली बंद करायचा, आणि मागचे हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करायचे.

माणगावच्या पुढे एका हॉटेलात तो वडापाव खायला थांबला. मालक गप्पिष्ट.

"कुठवर?"

"महाड."

"कोण असतं तिकडं?"

"कोन नाय," कमळाकर म्हणाला आणि चहाकडे बघत बसला. मालक बशी उचलून निघून गेला.

महाडच्या एसटी स्टँडसमोर त्याने गाडी वळवली आणि आला तसा परत निघाला. इतक्या लांब येऊन कुणाशी दोन शब्द न बोलता माघारी फिरणारा माणूस त्या रस्त्यावर तो एकटाच असेल, असं त्याला वाटलं. उजव्या हाताला शेतांत भात पिवळं पडत होतं. भामा असती तर तिने प्रत्येक फाट्यावर कुणाचं तरी गाव काढलं असतं. इकडे अमकीची नणंद दिली, तिकडे तमकीचा दीर. तिच्यासोबत हा रस्ता माणसांनी भरलेला असायचा.

खारपाड्याचा पूल ओलांडल्यावर पुढे साईकडून चिरनेरला जाणारा फाटा आला आणि गाडी वळली. त्याने वळवली असं म्हणणं कठीण आहे. पण स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं, हेही खरं. आपण नुसतं घरावरून जाऊ, तो स्वतःला म्हणाला, उंबरा चढायचा नाही. नुसतं जाण्यात काय आहे?

हुतात्मा स्मारकाच्या पुढे डावीकडे बहिणीची गल्ली. तिच्या घराच्या अलीकडे जांभळाच्या झाडाखाली तो थांबला. इथून ओटा दिसत होता. सोनाबाई ओट्यावर पाय लांब करून सुपात सुकट निवडत बसलेली. केस पार पांढरे झालेले. केव्हा झाले?

सवयीने तो इंजिन चालू ठेवून बसला, आणि मग त्याला नियम आठवला. थांबलात की किल्ली बंद. नाहीतर निघा. दोन्हींच्या मधलं, ज्यात त्याने एवढे महिने काढले होते, ते आज चालणार नव्हतं. हात किल्लीवर बराच वेळ राहिला. मग त्याने ती फिरवली.

एकदम शांत झालं. कोंबड्यांचा आवाज आला, कुठेतरी नळ वाहत होता तो ऐकू आला, आणि आपण लोकांच्या गल्लीत बंद गाडीत बसलेले म्हातारे आहोत, हे त्याला स्वच्छ दिसलं. निघावं तर निघवेना, उतरावं तर उतरवेना. तो बसून राहिला. ऊन झाडाच्या या बाजूने त्या बाजूला गेलं. सोनाबाईने सूप आत नेऊन ठेवलं, पुन्हा बाहेर आली, कपाळावर हात धरून गाडीकडे पाहिलं, आणि काठी टेकत, गुडघ्यांना शिव्या घालत गल्लीत उतरली.

"कोन हाय ते?" जवळ येऊन ती काचेत वाकली. "कमलाकर?"

"निगालोच व्हतो बाय," तो घाईने म्हणाला. "पेनवरनं येत व्हतो. इकडनं चाललो व्हतो, म्हनलं..."

सोनाबाईने काठी बगलेत धरली आणि तळवा बॉनेटवर ठेवला. तवा तापला का बघावा तसा.

"गार हाय," ती म्हणाली. "मगासपासून बसलायस तू हितं."

त्याने काच आणखी खाली केली.

"उतर. आत चल."

"मना नाय येता येत बाय. माजा दुखवटा कोनी काडला नाय अजून."

गल्लीतून एक स्कूटर आली, तिला वाट द्यायला ती गाडीला टेकली. 

"दादूला मी इचारलं व्हतं. लग्नातच इचारलं. बोल्ला, झालं, नेलं व्हतं दाजींना."

"लाजेनं बोल्ला आसंल. नाय नेलं."

"आनि मी म्हनते, जासईचं झालं, तर तू फोनवर सांगशील, मंग मी बोलावीन. तर तूच बोलनास. मना वाटलं, मोटा झालाय, फ्लॅटात रायतो, बहिनीची काय गरज. मंग मी बी गप बसली." तिचा आवाज फुटला. "इतकं दिस कुटं जायचास रं तू?"

"कुटं नाय. गाडीत बसायचो."

"हितं?"

"रोडपालीला. खाली. गाडी चालू करून बसायचो, म्हंजे कोन काय इचारत नाय."

हे तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता. सांगितल्यावर त्याला वाटलं होतं तितकी लाज वाटली नाही, नुसतं रडू आलं, आणि ते त्याने आवरलंही नाही. सोनाबाई वळली आणि घरात गेली. संपलं, तो मनात म्हणाला, रीतीपुढे तीही काय करणार. त्याने किल्लीकडे हात नेला, तोवर ती पुन्हा ओट्यावर दिसली. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. उरणच्या बाजारातून माघात आणलेली, जासईच्या मागून आपला नंबर येईल म्हणून कपाटात ठेवलेली. पिशवीतल्या कपड्यांची घडी पिवळी पडली होती.

"जासईचा मान गेला खड्ड्यात," ती म्हणाली.

तिने दार उघडायला लावलं. तो बसला होता तिथेच, गाडीत, तिने त्याच्या डोक्यावर नवी पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, सदऱ्याचं कापड मांडीवर ठेवलं. मग दोन्ही हातांनी त्याचा हात धरून ओढलं. ओढणारीचे गुडघे गेलेले आणि उठणाऱ्याचे पाय बधिर, त्यामुळे दोघं जवळजवळ पडलीच.

घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मुलं उलव्याला राहायला गेलेली, आठवड्याने येणारी. तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवण केलं. पहिला घास त्याने हातातच धरून ठेवला. ती समोर बसून बघत होती. तिच्या भांड्यांवरूनही एकटीपुरतंच रांधायची सवय दिसत होती. एका रस्त्याच्या दोन टोकांना बहीणभाऊ एकमेकांच्या बोलावण्याची वाट बघत बसले होते. हे कळलं आणि मग त्याने घास तोंडात घातला.

जेवून झाल्यावर तो बाहेर आला. गल्ली सपाट, इंजिन थंड. त्याने पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून ओढली. तेल वरच्या खुणेवर होतं. महाडला जाऊन आलं तरी होतं तिथेच.

त्याने हितेशला फोन लावला. "उतरलं नाय रं."

"मग सीलंच. बदलून टाकू काका, होईल पास गाडी." हितेश पुढे म्हणाला, "पण मग ते बाकीचं तेल..."

"उभी करून चालू ठेवायचो. रोज. तुला खोटं बोललो."

"मला वाटलंच होतं," हितेश म्हणाला. का, ते त्याने विचारलं नाही. "सोमवारी घेऊन या."

सोनाबाई ओट्यावरून विचारत होती, "काय झालं गाडीला?"

"काय नाय. चांगली हाय."

"मंग भाऊबीजेला ये. न्यायला मानूस नाय माज्याकडं, तुजं तूच यायचं."

"यीन," तो म्हणाला.

रोडपालीला पोहोचला तेव्हा दिवे लागत होते. वर नजर टाकली, तर सगळ्या खिडक्यांत उजेड आणि मधली त्याची खिडकी अंधारी. ती रोज तशीच असणार होती, एका जेवणाने काही ती उजळणार नव्हती. त्याने गाडी आपल्या जागेवर लावली आणि किल्ली बंद केली. शेजारच्या सीटवरची भामाची उशी उचलून काखेत घेतली आणि उतरला.

वॉचमन सवयीने म्हणाला, "निघालात का काका?"

"नाय. आलो."

वॉचमनने नव्या टोपीकडे पाहिलं. "कुठे गेला होतात?"

"बहिणीकडे. चिरनेरला. जेवायला बोलावलं होतं."

एवढं सांगून खरं तर वर जायला हरकत नव्हती. पण काय जेवलात, हे वॉचमन विचारेपर्यंत कमळाकर तिथेच उभा राहिला.